चिपाडावरची म्हैस

शेवंतीला कुणी "हे तुला जमणार नाही" म्हटलं की संपलंच. मग ती गोष्ट करून दाखवल्याशिवाय बाईच्या जिवाला चैन नसे. आरे कॉलनीच्या कुंपणाला चिकटून गोरेगावात जी झोपड्यांची वस्ती उभी राहिली होती, तिथे हे लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. नळावर तिच्या हंड्यापुढे आपला हंडा सरकवायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे तबेलेवाला चंद्रप्रकाश जेव्हा दात कोरत म्हणाला, "शेवंताबाई, म्हैस पालना तुम्हारे बस की बात नहीं," तेव्हाच खरं तर सौदा झाला. पुढचं सगळं नुसतं बोलणं.

शेवंती या चंद्रप्रकाशच्या तबेल्यात शेण काढायची आणि गोवऱ्या थापायची. त्र्याहत्तर साल लागलं होतं. गावोगाव दुष्काळ, मुंबईत रेशनवर ती लालभडक परदेशी मिलो ज्वारी. खाऊन पोट दुखायचं आणि न खाऊनही दुखायचं. माणसांची ही तऱ्हा, तर जनावरांना कोण विचारतो? कडबा मिळेना, पेंढा मिळेना, मिळाला तर भाव ऐकूनच चक्कर यावी. आणि मुंबईच्या तबेल्याचा कायदा तसाही सरळ असतो. दूध देते तोवर म्हैस, आटली की मांस. ती पोटुशी आहे का, पुन्हा विणार आहे का, हे कोण बघत बसणार? चार महिने फुकट खायला घालण्यापेक्षा खाटकाच्या ट्रकात चढवली की जागा मोकळी.

तशीच एक आटलेली, सहा महिन्यांची गाभण म्हैस दाराशी बांधली होती. ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा होता. शेवंतीचा नवरा सहदेव दुपारचा तिला भाकरी द्यायला आला आणि त्या म्हशीपाशी थांबला. पाठीवरून हात फिरवला, कुशीत हात दाबून बघितला, आणि म्हणाला, "जड आसा ही. बरी आसा जात. दूध देतली."

आता यात काय एवढं, असं वाटेल कुणाला. पण सहदेव बोलला, हेच मोठं होतं. परळच्या गिरणीत कार्डिंग खात्यात त्याची उमर गेली. कापसाची भुकटी छातीत बसली ती बसलीच. दोन जिने चढला की धाप, चार शब्द बोलला की खोकला. शेवटी गिरणी सुटली. तेव्हापासून माणूस दारात बसायचा, तिची भाकरी पोचवण्यापुरता काय तो उठायचा. सकाळी बसला की दुपारी तिथेच, दुपारी बसला की दिवेलागणीला तिथेच. शेवंती भांडायची, बोलायची, उगाच भांडी आपटायची, पण हूं की चूं नाही. पोरबाळ झालं नव्हतं. घरात बोलायला दुसरं कोण? आपला नवरा जिवंतपणी आपल्या डोळ्यांदेखत विझत चाललाय, हे तिला दिसत होतं आणि तिचं काही चालत नव्हतं. तो माणूस एका म्हशीच्या अंगावर हात ठेवून सलग तीन वाक्यं बोलला!

शेवंतीने म्हैस मागितली, चंद्रप्रकाशने ते "बस की बात नहीं" ऐकवलं, आणि तिने तिथल्या तिथे गळ्यातली सोन्याची सर काढून त्याच्या हातावर ठेवली. तेवढंच होतं तिच्या अंगावर. चंद्रप्रकाशने ती उजेडाकडे धरून बघितली, "पागल औरत" म्हणाला आणि दावं सोडून दिलं.

म्हैस दारात आली. सहदेवने तिचं नाव ठेवलं गोजी. झोपडीच्या मागच्या अंगाला पत्रे आणि गोणपाट लावून आडोसा झाला. ते झालं, पण खायला काय घालायचं? आरेचं गवत सरकारचं. रखवालदार एक काडी उपटू देत नव्हता. शेवंती दोन दिवस वणवण फिरली आणि तिसऱ्या दिवशी गोरेगाव स्टेशनाबाहेर जयवंतच्या रसवंतीसमोर उभी राहिली.

जयवंत सासवडकडचा. उन्हाळा लागला की यायचा, चरकाला घुंगरू बांधायचा, मृगाच्या आधी गाशा गुंडाळून गावी जायचा. दुष्काळ असो नाहीतर काही असो, मुंबईच्या माणसाला चार वाजता उसाचा रस लागायचाच. चरकाच्या मागे पिळलेल्या चिपाडांचा ढीग साचायचा, त्यावर गांधीलमाश्या घोंघावायच्या आणि संध्याकाळी तो सगळा ढीग उकिरड्यावर जायचा.

"ही चिपाडं मला दे," शेवंती म्हणाली. "मी तुझं सगळं दुकान झाडून देते, गिलास धुऊन देते."

"चुलीला पायजेत का?"

"म्हशीला."

जयवंत हसायलाच लागला. "अगं, चिपाडात काय ऱ्हातंय? सगळा रस तर मी काढतोय!" मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, दुकानामागे बोट दाखवून म्हणाला, "ते वाढे ने त्यापेक्षा. मोळ्या शेंड्यासकट येत्यात ट्रकातनं, मी तोडून टाकतो. हिरवं हाय, गोड हाय, म्हैस पटापटा खाईल."

उसाचे हिरवे शेंडे, पानांचे झुबके. शेवंतीचे डोळे चमकले. जयवंतने तिला भारा बांधायला दोरी दिली आणि वर सांगितलं, "पर एक कर. रोज वाढं घालणार आसशील तर चुन्याची निवळी पाजत जा. चुना भिजवायचा, खाली बसला की वरचं पाणी द्यायचं. आमच्याकडं समदी देत्यात. नायतर वाढ्यानं जनावराची हाडं पोकळ होत्यात."

"चुना? पोटुशा जनावराला?" शेवंतीने भारा डोक्यावर घेता घेताच त्याला उडवून लावलं. "चुना भिंतीला लावतात रे, म्हशीच्या पोटाला नाही. शिकवतोय मला!"

"तुझी म्हस, तू बघ," जयवंत म्हणाला आणि चरकाकडे वळला.

तिचंही काय चुकलं म्हणा. वेंगुर्ल्याकडे तिच्या बापाच्या गोठ्यात भाताचा पेंढा आणि डोंगरावरचं गवत. ऊस तिने पहिल्यांदा बघितला तो मुंबईत, काचेच्या गिलासात. उसावर जनावर पोसायची रीत तिला कोण सांगणार होतं? आणि ज्याने सांगितली त्याचं ऐकून घेईल तर ती शेवंती कसली!

तर गोजीचं असं सुरू झालं. सकाळी वाढे, संध्याकाळी चिपाडं. चिपाडं नुसती टाकून भागत नाही. ती काड्यांसारखी टोचतात आणि एका दिवसात आंबतात. शेवंती ती आधी खळखळून धुवायची, मग सहदेव गोणपाटावर बसून कोयत्याने बारीक तोडायचा, मग पेजेत मीठ घालून भिजत टाकायची. पहिल्या दिवशी गोजीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. शेवंतीने कपाळावर हात मारून घेतला. सहदेवने मात्र एकेक मूठ हातात घेऊन तिच्या तोंडाशी धरली, गळ्याखाली खाजवलं, "खा गो बाय, खा" म्हणत राहिला. दुपार झाली तेव्हा टोपलं रिकामं होतं.

त्यानंतर तो माणूस बदललाच. कोयता चालायचा, मधेच खोकला यायचा, खोकला ओसरला की पुन्हा कोयता. आणि बोलायचा! आई धार कशी काढायची, गोठ्यात वाघरू कसं शिरलं होतं, पहिली धार त्याच्या तोंडात कशी उडवायची, किती नि काय. शेवंती चुलीपाशी बसून ऐकायची आणि न बोलता भाकऱ्या थापायची, मधे आपण बोललो तर बंद पडेल की काय या भीतीने. दूध सुरू झालं की दोन घरं रतीब लागेल, मग चार लागतील, हे हिशोब तिने मनात केले होतेच. पण खरं सांगायचं तर तिला दुधाचं एवढं नव्हतं. गोजी तगली तर सहदेव तगेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि त्या एका गोष्टीवर तिचा सगळा जीव टांगला होता.

पेज कुठून यायची? तर वस्तीतून. शेवंती घरोघर बादली घेऊन फिरायची. भाताची पेज, भाजीची देठं, कलिंगडाची सालं, जे देतील ते. दुष्काळाच्या दिवसांत पेजही कुणी सहज देत नाही, पण म्हैस म्हणजे गंमत होती ना! वस्तीला एक विषय मिळाला. शेजारची अंजनाबाई तर रोज पेज ओतताना बजावायची, "शेवंते, माझी पेज जातेय हां तिच्या पोटात! खरवस पहिला माझ्या घरी."

मग तिचं ऐकून दुसरी म्हणाली. मग तिसरी. बघता बघता अख्ख्या वस्तीने खरवसाला नंबर लावले. शेवंतीला काय, तेवढंच पाहिजे होतं. कमरेवर हात ठेवून म्हणायची, "देणार! घरटी वाटी देणार! शेवंतीचा शब्द आहे!" कित्येक वर्षांत कुणी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. देण्यासारखं होतं काय तिच्याकडे?

ज्येष्ठाच्या उन्हात, एका पहाटे गोजी व्याली. सहदेव तिच्या मागे बसून होता, त्यानेच रेडकू ओढलं. रेडा निघाला. असो, शेवंतीला त्याचंही काही नाही. उजाडेपर्यंत वस्तीत बातमी फिरली आणि सूर्य वर येतो न येतो तो आडोशापुढे बायांची रांग. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात पेला, एकीने तर चक्क कळशी आणलेली. अंजनाबाई सगळ्यांत पुढे.

सहदेव धारेला बसला. गिरणीने छाती खाल्ली होती, बोटं मात्र शाबूत होती. पिवळाधमक दाट चीक चरवीत पडायला लागला, तसा बायांनी "अगंबाई" केलं. एक चरवी भरली. सहदेवने हात आवरता घेतला आणि मान वळवून हळूच म्हणाला, "पुरे गो. रेडकाक ठेवया वायच. आणि पयल्या दिसाक सगळा काढू नये, आये म्हणायची. म्हस ढिली पडता."

शेवंतीने रांगेकडे बघितलं. रांग मागे गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. एका चरवीत काय होणार? अर्ध्या जणींना परत पाठवायचं? शब्द दिलेला, पेज घेतलेली. उद्या नळावर तोंड कसं दाखवायचं?

"पिळा," ती म्हणाली. "सगळा पिळा. थेंब ठेवू नकात. मी लोकांक सांगितलंय."

"अगो, पण..."

"पिळा म्हटलंय ना!"

सहदेवने क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग खाली मान घालून पुन्हा आचळाला हात लावला. पार हाताला काही लागेनासं होईपर्यंत त्याने गोजीला पिळून घेतलं. रेडकाने ढुशा दिल्या, पण कासेत राहिलं होतं काय?

त्या दिवशी वस्तीत घरोघर खरवस शिजला. कुणी गुळाचा केला, कुणी वेलची घातली, कुणी जायफळ. मिलोच्या भाकरीवर दिवस काढणारी माणसं ती! बोटं चाटून खाल्ला सगळ्यांनी. शेवंती संध्याकाळी गल्लीतून गेली तर प्रत्येक दारातून हाक, प्रत्येक दारात कौतुक. तिच्या उभ्या आयुष्यात तसा दिवस आला नव्हता. पुढेही यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजी उठताना अडखळली. मागचे पाय थरथरत होते. सहदेवने तिच्या कानाला हात लावला, तर एवढ्या उन्हाळ्यात कान थंडगार. दुपारपर्यंत ती खाली बसली ती उठेचना. मान वळवून कुशीवर टाकलेली, डोळे जड.

"दृष्ट लागली," अंजनाबाई म्हणाली. "एवढ्या जणांच्या नजरा पडल्या, नाही लागणार?"

शेवंतीने मीठ-मिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही तेव्हा तिची खात्रीच पटली. पुन्हा ओवाळल्या. सहदेवने ते थोडा वेळ बघितलं, मग सदरा अडकवला आणि निघाला. जो माणूस दोन जिने चढू शकत नव्हता, तो आरेच्या चढावरून गुरांच्या डॉक्टरला शोधत गेला. डॉक्टर दुसऱ्या तबेल्यांकडे गेलेले. निरोप ठेवला, बराच वेळ वाट बघितली, झाडाला टेकत, थांबत, खोकत परत आला. घरी पोचला तेव्हा ओठ निळे पडले होते.

डॉक्टर सकाळी आले. स्कूटर लावली, गोजीची पापणी वर करून बघितली, छातीला नळी लावली आणि घाईघाईने पेटीतून मोठी बाटली काढली. शिरेत सुई घालता घालताच विचारलं, "खायला काय घालत होता?"

"उसाचं," शेवंती म्हणाली. "वाढे. आणि चिपाडं."

"नुसतं तेच? चुन्याचं पाणी देत होता का?"

शेवंतीने नाही अशी मान हलवली.

"हाडांतला चुना सगळा गेलाय हिच्या. त्यात नुकती व्यालेली." डॉक्टरांनी वर बघितलं. भोवती अर्धी वस्ती गोळा झाली होती. "चीक किती काढला पहिल्या दिवशी? सगळा काढला? अशा जनावराचा सगळा नाही काढायचा हो, थोडा ठेवायचा असतो. कुणी काढला?"

वस्ती शेवंतीकडे बघायला लागली. अंजनाबाई तर तोंडात पदर धरून. शेवंतीने ओठ उघडले. आणि तेवढ्यात मागून सहदेव बोलला, लोकांसमोर बोलायचं म्हणून साध्या मराठीत बोलला, "मी काढला, डॉक्टर. धारेला मीच बसलो होतो. हाताची सवय गेलीय माझ्या, अंदाज नाही आला."

आता बोलायची वेळ होती. "मी सांगितलं म्हणून काढला," एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यात कधी तोंड मिटून न बसलेली बाई ती. नळावर, तबेल्यात, रेशनच्या रांगेत कुणाला हार न गेलेली. तेवढी एकदाच गप्प बसली. ओठ पुन्हा मिटले आणि ती जमिनीकडे बघत राहिली.

बाटली संपली. गोजीने एकदा मान उचलली, सहदेवने तिच्या गळ्याखाली हात घातला. दुपारी ती गेली. मेलेली जनावरं नेणारी गाडी आली, दोरखंड लावून तिला ओढत नेलं. संध्याकाळी खरवसाच्या त्याच वाट्या, पेले घेऊन बाया पुन्हा दारात यायला लागल्या. भांडं रिकामं आणू नये म्हणून प्रत्येकीने चिमूटभर साखर घातलेली. "वाईट झालं गं," अंजनाबाई म्हणाली, "खरवस काय सुरेख झाला होता!" आणि डोळे पुसत गेली. रेड्याला पाजायला दूध कुठलं? शेवंतीने पेजेत चिंधी बुडवून चोखायला दिली. तीन-चार दिवस चोखली त्याने, मग तोही आटोपला.

आठवड्याभरात जयवंतने चरकाचे घुंगरू सोडले आणि गावी निघून गेला. शेवंती पुन्हा चंद्रप्रकाशकडे शेण काढायला लागली. चंद्रप्रकाश काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

आणि सहदेव दारात बसला. सकाळी बसला की दुपारी तिथेच. फरक इतकाच, की आता तो आपले हात मांडीखाली दाबून बसायचा. वस्तीतले टवाळ जाता-येता म्हणायचे, "ह्यानेच ना रे म्हैस पिळून मारली?" त्याला ऐकू जायचं. शेवंतीला ऐकू गेलं की ती त्यांच्या सात पिढ्या काढायची, एकाला तर गोवरी फेकून मारली तिने. पण जे एक वाक्य बोलायला हवं होतं ते काही तिच्या तोंडून निघेना. आज बोलू, उद्या बोलू. कशाला जखम उकरायची. त्यालाही आता वाटतच असेल की आपलंच चुकलं. मग कशाला? स्वतःची अशी समजूत घालायला बाई हुशार होती. पण समजूत पटत नव्हती, हेही तिला कळत होतं.

अशी दोन वर्षं गेली. पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात सहदेवने अंथरूण धरलं. उताणं झोपता येईना, बसून श्वास घ्यायचा. एका दुपारी शेवंती त्याची पाठ चोळत होती. हाताखाली नुसत्या फासळ्या. तिला राहवेना, एकदम रडूच फुटलं.

"अवो," ती म्हणाली, "गोजीक तुमी नाय मारलात. तुमी पुरे म्हणालात, मीच पिळूक सांगितलंय. त्या जयवंतान चुन्याचा सांगितल्यान, ता पण मीच ऐकलंय नाय. सगळा माझाच चुकला."

सहदेव श्वास जुळवत राहिला. मग म्हणाला, "माका काय म्हायत नाय? मीच होतंय थंय."

"मग...?"

"लोकांसमोर मी माझ्यार घेतलंय. लोकांका काय. पण घरात तरी बोलशीत, असा वाटला माका." त्याला धाप लागली, तो थांबला. "रोज वाट बघी होतंय. आज बोलशीत, उद्या बोलशीत. मगे सोडून दिलंय."

तो रागावला असता, तिला शिव्या दिल्या असत्या, तरी शेवंतीने ते झेललं असतं. पण त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. तिचा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला. "अवो," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. सहदेवने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. दसऱ्याच्या आधी तो गेला, आणि तोवर पाणी मागण्यापलीकडे तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.